तहानलेल्या कुत्र्याची गोष्ट

लहान मुलांना झोपताना सांगायच्या गोष्टींत कुत्र्याची गोष्ट हमखास असते. अलीकडे तर अशा गोष्टींची रंगीत पुस्तके निघतात, मोबाईलवरही त्या ऐकायला मिळतात. पिल्लू आईचे न ऐकता लांब जाते आणि हरवते. पिल्लू खोटे बोलते आणि मग रडते. पिल्लू आपल्या वाट्याची भाकरी मित्राला देते. गोष्ट संपते, तात्पर्य सांगितले जाते आणि मूल झोपी जाते. या गोष्टी गोड असतात, त्यांनी कुणाचे नुकसान होत नाही असे आपण धरून चालतो. मला मात्र एक प्रश्न पडतो. ज्या मुलाला दिवसभर कुत्र्यावर दगड उचलायला कुणी अडवत नाही, ज्याच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, त्याला रात्री त्याच कुत्र्याच्या तोंडून नीती शिकवायची ती कशी? आणि त्या गोष्टीतून त्याने नेमके काय घ्यावे?

हा प्रश्न आपल्या समाजात जरा जास्तच टोचतो, कारण आपल्याकडे कुत्रा म्हटले की पहिला शब्द येतो 'नापाक'. आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या उर्दू शाळांत कोकणी मुसलमानांची मुले असतात, ती शाफई. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची असतात, ती बहुधा हनफी. शाफई घरात कुत्र्याचे ओले अंग लागले तर सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. हनफी घरात लाळ नापाक, पण कोरडे अंग लागल्याने कपडा नापाक होत नाही. इमाम मालिक यांच्या मताप्रमाणे तर जिवंत कुत्रा पाकच. मुले यावरून मधल्या सुट्टीत वाद घालतात आणि निवाड्यासाठी माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते की ज्याने त्याने आपल्या घरच्याप्रमाणे धुवावे. पण धुण्याचा हा नियम आपल्या हातांसाठी, भांड्यांसाठी आणि नमाजेच्या कपड्यांसाठी आहे. तो कुत्र्याचा गुन्हा नव्हे. मोठ्यांना हा फरक कळतो, निदान कळायला हवा. सहा वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. त्याच्या कानावर 'नापाक' पडते आणि मनात 'वाईट' उमटते. मग वाईटाला दगड मारला तर बिघडले कुठे?

ज्या दीनने भांडे सात वेळा धुवायला सांगितले, त्याच दीनने कुत्र्याच्या दोन मोठ्या गोष्टीही आपल्याला दिल्या आहेत. पहिली कुरआन शरीफमधील सूरह कहफची. श्रद्धेसाठी घरदार सोडून गुहेत गेलेले तरुण तिथे झोपी जातात आणि त्यांचा कुत्रा पुढचे पाय पसरून गुहेच्या तोंडाशी पडून राहतो. पुढे लोक त्या तरुणांच्या संख्येवरून वाद घालतात. कुणी तीन म्हणतो, कुणी पाच, कुणी सात. पण प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे. माणसांच्या आकड्यावर एकमत नाही, कुत्र्याला मात्र कुणीच वगळत नाही. कितीतरी तफसीरी वाचून झाल्या, तरी या एका तपशिलाशी मी दर वेळी थांबते.

दुसरी गोष्ट बुखारी शरीफमधली. वाटेने जाणाऱ्या एका माणसाला फार तहान लागते. तो विहिरीत उतरतो, पाणी पितो आणि वर येतो, तर एक कुत्रा जीभ बाहेर काढून तहानेने ओली माती चाटत असतो. माणसाच्या मनात येते, मघाशी माझे जे झाले तेच याचे होते आहे. तो परत विहिरीत उतरतो, चामडी मोजा पाण्याने भरतो, तो दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. अल्लाह त्याचे हे काम कबूल करतो आणि त्याला माफ करतो. लोक पैगंबरसाहेबांना (स.) विचारतात, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला सवाब आहे का? उत्तर मिळते की प्रत्येक जिवंत जिवाच्या बाबतीत आहे.

शहापूरच्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जाते. तानसाचे तर १८९२ पासून. आणि एप्रिल-मे उजाडला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. विहिरीचा तळ दिसू लागला की बायका आत उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. विहिरीत उतरणे काय असते आणि भरले भांडे घेऊन वर चढणे काय असते, हे या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणून 'तो परत उतरला' या ठिकाणी वर्ग गप्प होतो. पहिल्यांदा तो स्वतःसाठी उतरला होता, त्यात विशेष काही नाही. दुसऱ्यांदा उतरायचे त्याला काहीच कारण नव्हते.

आता याच्या शेजारी आपल्या नेहमीच्या कुत्र्याच्या गोष्टी ठेवून पाहा. लाखा बंजाऱ्याची गोष्ट गावोगाव सांगतात. तो आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो, कुत्रा चोरीचा माल शोधून देतो, खूश झालेला सावकार कर्जफेडीची चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला परत पाठवतो आणि कुत्रा वचन मोडून पळून आला असे समजून बंजारा त्यालाच मारून टाकतो. तात्पर्य, घाई करू नये. रायगडावरच्या वाघ्याने धन्याच्या चितेत उडी घेतली असे सांगतात. समकालीन कागदांत त्याचा पुरावा नाही म्हणून त्याच्या स्मारकावरून २०१२ साली वाद झाला आणि २०२५ साली पुन्हा झाला. जपानमधला हाचिको तर खराच होता. १९२५ साली त्याचे प्राध्यापक मालक वारले आणि १९३५ साली स्वतः मरेपर्यंत तो टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. या सगळ्या गोष्टींत कुत्रा मोठा ठरतो तो आपल्यासाठी झिजतो म्हणून, आपल्यासाठी मरतो म्हणून. मूल यातून काय शिकते? वफादार असेल त्याच्यावर प्रेम करावे. मग जो वफादार नाही, कुणाचाच नाही, खिचडीच्या वेळी शाळेच्या आवारात येऊन उभा राहतो, त्या खरूज झालेल्या कुत्र्याचे काय? तो कुणाच्या चितेत उडी घेणार नाही. आपल्या पुस्तकांत त्याला जागाच नाही.

विहिरीजवळच्या कुत्र्याने त्या माणसासाठी काहीही केलेले नव्हते. पाणी प्यायल्यावर त्याने काही केले, असेही कुठे सांगितलेले नाही. तो फक्त तहानलेला होता. आपल्या मराठी मुलुखात संत नामदेवांची गोष्ट सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. तिथेही कुत्रा चोरच आहे. मुलांना सांगायच्या गोष्टी मला या दोन वाटतात. त्यांत दया ही कुत्र्याच्या चांगुलपणाची मजुरी नाही.

इथे कुणी विचारील, आणि विचारावेच, की बाई, त्या माणसालाही माफी मिळालीच ना? मग तोही व्यवहारच झाला. एका विद्यार्थिनीने मला हे तिच्या भाषेत विचारले होते, "टीचर, कुत्र्याला पाणी पाजले की सगळे गुनाह माफ?" प्रश्न सोपा नाही. मला जे सुचते ते असे. त्या माणसाला माफीची खबर नव्हती. तो हिशेब करून खाली उतरला नाही, स्वतःची मघाची तहान आठवून उतरला. खबर आपल्याला आहे आणि अडचणही आपलीच आहे. गोष्ट ऐकल्यावर आपण त्या माणसासारखे अजाण राहू शकत नाही. म्हणून मी वर्गात ही गोष्ट कुत्रा पाणी पितो तिथेच थांबवते. माफीचा भाग दुसऱ्या दिवशी सांगते. मधली एक रात्र तरी मुलांनी सवाबाशिवाय त्या कुत्र्याबरोबर काढावी असे मला वाटते. मौलवीसाहेबांना हे पटेलच असे नाही.

आता दातांकडे येते. गोड गोष्टींतल्या कुत्र्याला दात नसतात, आणि माझा त्यांच्यावरचा मोठा आक्षेप हाच आहे. आमच्याकडे मुले दोन-दोन किलोमीटर चालत शाळेत येतात. व्यालेल्या कुत्रीजवळ जायचे नाही, खाणाऱ्या कुत्र्याला शिवायचे नाही, कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, हे ज्या गोष्टीत नाही ती मुलाला फसवते. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण तर मुलांपासून दूरच ठेवावी. चावल्यावर किंवा ओरखडा आल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. मिरची, चुना, हळद भरायची नाही. दम करून घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण लस टोचून झाल्यावर. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही.

आणि यातही एक गोष्ट आहेच. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या योसेफ माइस्टरला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची लस टोचायला सुरुवात झाली. तो जगला. पण ती लस त्याआधी कुत्र्यांवर तपासलेली होती. चावणाराही कुत्रा आणि ज्यांच्या जिवावर आपल्याला लस मिळाली तेही कुत्रेच. ही गोष्ट ऐकून मुले लगेच झोपत नाहीत, प्रश्न विचारतात. विचारू द्यावेत.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतून मोकाट कुत्री हलवावीत आणि पुन्हा तिथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. शिक्षक म्हणून मला त्यातले भय समजते. वर्गात बसलेल्या चाळीस मुलांची जबाबदारी माझ्यावर असते. शाळेला कुंपण हवे, उरलेली खिचडी आवाराबाहेर लांब न्यायला हवी, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हायला हवे. पण मुलाला "याच्यापासून दूर राहा" असे सांगणे वेगळे आणि "हा आपला कुणी नाही" असे सांगणे वेगळे. पहिले वाक्य मी रोज सांगते. दुसरे त्याच्या कानावर आपोआप पडतच असते, ते खोडून काढायला रात्रीची गोष्ट लागते.

प्रेमचंदांच्या 'पूस की रात' कथेतला हल्कू थंडीने काकडताना जबरा कुत्र्याला कुशीत घेतो. कुत्र्याच्या अंगाला घाण वास येत असतो, तो वास प्रेमचंद लपवत नाहीत. ती कथा लहानांची नव्हे. पण लहानांसाठी लिहिणाऱ्यांनी तो वास तेवढा उचलावा.

विहिरीची गोष्ट संपली की मुले हटकून विचारतात, पुढे त्या कुत्र्याचे काय झाले? हदीसमध्ये ते नाही, म्हणून मी त्यांनाच विचारते. एकजण म्हणाला, तो सावलीत जाऊन झोपला. दुसरी म्हणाली, तो त्या माणसाच्या मागे मागे त्याच्या घरी गेला. मुरबाडकडच्या जंगलालगत राहणारा एक मुलगा म्हणाला, त्याला बिबट्याने नेले. मग जरा विचार करून म्हणाला, "पण पाणी पिऊन झाल्यावर."