वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी नको

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. दातिवऱ्याजवळ वैतरणा समुद्राला मिळते. त्या विपुल पाण्यालाही हाच दंडक. मग सार्वजनिक तिजोरीचे काय? १९९३ साली सुरू झालेल्या योजनेनुसार प्रत्येक खासदाराच्या शिफारशीने आज वर्षाला ५ कोटी रुपयांची स्थानिक कामे होऊ शकतात. ही कोणा नेत्याची देणगी नव्हे, जनतेची अमानत आहे. वस्तीला नळ हवा असताना नावाच्या पाटीसाठी शोभेची कमान उभारणे ही अमानतीत खयानत होय. पवित्र कुरआनने उधळ्यांना सैतानाचे भाऊबंद ठरविले आहे. परंतु त्या कमानीखाली टाळ्या वाजविणाऱ्या आपल्यालाही अल्लाहसमोर जाब द्यावा लागेल. म्हणून ग्रामसभेस जा, हिशेब मागा आणि आपल्या मोहल्ल्याआधी सर्वांत गरजू वस्तीचे काम सुचवा, मग ती वस्ती कोणाचीही असो.