उरलेले ११ ग्रॅम

चांगली वस्तू जपून ठेवावी की वापरून टाकावी, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी काही लिहिलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही. त्यांच्या घरची चहा-साखर बहुधा त्यांच्या बायका सांभाळत असणार. हा प्रश्न खरा पडतो तो फडताळाशी आणि कोठीच्या खोलीत. शिवाय तो फ्रीझरमध्येही पडतो, हे मी अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंड गावी, भाच्याच्या घरी पाहून आलो आहे.

भाचा घरी बिअर काढतो. दचकू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा असले गृहोद्योग करू देत नाही, पण तिथं ते राजरोस चालतं. १९७८ साली जिमी कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केली. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. लग्नाला एखाद्या सरकारनं दिलेलं इतकं ठोस उत्तेजन दुसरीकडे कुठं माझ्या पाहण्यात नाही.

बिअरला जो कडसरपणा असतो तो हॉप्सचा. हॉप्स ही एका वेलीची फुलं. वेल गांजाच्या कुळातली, पण वृत्तीनं निराळी; एकाच घरात एक पोरगा वाया जातो आणि दुसरा मास्तर होतो, तशातला प्रकार. फुलाच्या आत पिवळी भुकटी असते, सगळा गुण तिच्यात. हल्ली ही फुलं सुकवून, दळून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या पाडतात. दिसायला म्हणाल तर गुरांचा खुराक. पण भाच्यानं कास्केड नावाच्या जातीचं पाकीट कापलं (ही जात ओरेगनातच निपजली, १९७२ साली बाहेर आली) आणि पपनसाच्या सालीचा असा घमघमाट सुटला, की बिअरकडे पाठ करून बसलेला मी खुर्चीसकट वळलो.

मोड आणून वाळवलेल्या सातूचं गोड पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात या गोळ्या टाकायच्या. केव्हा टाकायच्या, यात सगळी गोम आहे. सुरुवातीला टाकल्या आणि तासभर उकळल्या तर कडूपणा पुरेपूर उतरतो, पण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. अगदी शेवटी टाकल्या तर सुगंध राहतो, कडूपणा फारसा उतरत नाही. एकाच गोळीकडून दोन्ही कामं पुरती करून घेता येत नाहीत. म्हणून थोड्या आधी, थोड्या नंतर.

या हॉप्सची दुसरी ख्याती म्हणजे ते बिअर नासू देत नाहीत. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी विलायतेहून जहाजानं बिअर यायची, तेव्हा तिच्यात हॉप्स मुद्दाम जास्त घालत. पण दुसऱ्याला टिकवणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची प्रकृती मात्र तोळामासा! हवा सोसत नाही, ऊन सोसत नाही, उजेड सोसत नाही. म्हणून चांदीसारख्या पाकिटात भरायचं, हवा काढून नायट्रोजन सोडायचा आणि गोठवून ठेवायचं. इतकं करूनही पाकीट एकदा उघडलं की उतार लागतोच. पुढं पुढं त्याला जुन्या चीजचा, किंवा स्पष्टच सांगायचं तर पायमोज्यांचा, वास येतो.

आता खरी अडचण. पाकीट २८ ग्रॅमचं, आणि पातेल्याला लागणार ४५ ग्रॅम. दोन पाकिटं फोडली, ११ ग्रॅम उरले. त्यांचं काय करायचं?

"राहू दे," मी म्हणालो, "लागतील केव्हा तरी."

"केव्हा, मामा?"

या 'केव्हा'ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आणि आठवली ती मावशी. काकांनी काश्मीरहून केशराची डबी आणली होती. मावशीनं ती चांगल्या प्रसंगासाठी ठेवली. बारशी झाली, मुंजी झाल्या, पण प्रत्येक प्रसंग त्या डबीच्या मानानं जरा कमीच भरायचा. शेवटी मुलाच्या लग्नात डबी उघडली, तर काड्यांना वास फक्त पत्र्याचा. काका त्याआधी दोन वर्षं गेले होते. श्रीखंड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण त्यांनी स्वतः आणलेल्या केशराची एक काडी कधी त्यांच्या वाटीत पडली नाही.

मावशीला मी चिक्कू म्हणणार नाही. चिक्कू माणूस स्वतःसाठी ठेवतो. ती ठेवत होती न आलेल्या पाहुण्यांसाठी. फक्त रोज समोरच्या पाटावर बसणाऱ्या माणसापेक्षा त्या पाहुण्यांचा मान तिनं मोठा धरला. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी हाच रिवाज आहे. काचेचे पेले परक्यांना, स्टीलचे घरच्यांना.

म्हणून साठवूच नये की काय? तसंही नाही. हॉप्सचं पीक वर्षातून एकदा, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला निघतं. मे महिन्यात बिअर काढायची तर कुणीतरी आठ महिने ते राखलेलंच असावं लागतं. पण तो राखणारा मे महिन्याकडे बोट दाखवून राखतो. मावशीच्या डबीला महिनाच नव्हता. मला वाटतं, फरक कंजूषपणाचा नसून कॅलेंडरचा आहे.

आणि बेल्जियममधले लोक तर आणखी वेगळे. लॅम्बिक नावाची तिथली बिअर काढताना ते हॉप्स मुद्दाम दोन-दोन, तीन-तीन वर्षं जुने करून वापरतात. सुगंध गेलेला, कडूपणाही बराचसा ओसरलेला, फक्त नासू न देण्याचा गुण तेवढा उरलेला. माझ्या वयाच्या माणसानं हे ऐकून ताठ बसावं अशी बातमी आहे. मात्र तिथंही ते केव्हा वापरायचे, हे जुने करणाऱ्याला ठाऊक असतं.

भाच्यानं ते ११ ग्रॅम पिशवीत घातले, हवा दाबून काढली, वर तारीख लिहिली आणि शेजाऱ्याकडे निघाला. तोही घरी बिअर काढणारा. निघाला तो दारातच थांबला, कारण समोरून शेजारी अशीच एक पिशवी घेऊन येत होता. तिच्यात ९ ग्रॅम होते. दोघांनी मिळून रविवारी एक छोटं पातेलं चढवायचं ठरवलं. वाद राहिला तो एवढाच, की ही बिअर कुणाच्या २०० गॅलनांत धरायची.