द्यूत, चौर्य आणि कमळाइसांचा नकार

लीळाचरित्राच्या एकांकातील एक प्रसंग निरूपणास घेतला की श्रोत्यांच्या मनात शंका उभी राहते. भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव या रूपाने वावरत असता आमचे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी द्यूत खेळत. एकदा ते हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी कमळाइसांकडे अलंकार मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. पुढे पित्याने देणे चुकते केले, पण चित्तास आलेली उदासीनता गेली नाही, आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून स्वामींनी ते वैभव सोडले.

ज्या पंथात सप्त व्यसनांचा त्याग सांगितला जातो आणि त्या सातांत द्यूत व चौर्य दोन्ही येतात, त्या पंथाच्या आद्य ग्रंथात ही लीळा का? परमेश्वर कर्माने लिप्त होत नाही, हे उत्तर सिद्धान्त म्हणून पुरेसे आहे. तथापि जीवाने या लीळेतून काय घ्यावे, हा प्रश्न उरतोच.

द्यूताकडून चौर्याकडे जाणारी वाट सरळ नसते. हरलेला मनुष्य एकदम दरोडा घालीत नाही. गेलेले परत मिळवावे म्हणून तो प्रथम पुन्हा खेळतो. मग घरात सांगण्यासारखे उरत नाही म्हणून लपवितो. मग भिशीचे, सोसायटीचे, दुकानाच्या गल्ल्यातील, भावाच्या वाट्याचे, असे विश्वासाने हाती आलेले पैसे काढतो. त्या क्षणी तो स्वतःस चोर म्हणवीत नाही. ‘उद्या आकडा लागला की ठेवून देऊ’, एवढेच म्हणतो. जुगाऱ्यांच्या अपराधांचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्यांत मारहाणीपेक्षा अफरातफर, फसवणूक आणि चोरीच अधिक आढळते. म्हणजे पहिला घाव विश्वास ठेवणाऱ्यावरच पडतो.

आमच्या भोकर भागातील कापूसवाल्या शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आकड्याचा जुगार मुळात कापसावरूनच निघाला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे भाव तारेने मुंबईस येत व त्यांच्या अंकांवर पैजा लागत. 1961 साली ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत व रतन खत्री यांनी मुंबईतच अंक काढण्याचा धंदा मांडला; तोच मटका. हंगामात कापूस विकून आणलेल्या नोटा त्याच अंकावर जाव्यात, याहून विपरीत ते काय! जुगाराविरुद्ध 1887 पासून कायदा आहे. भ्रमणध्वनीवरील पैशांच्या खेळांवर 2025 साली केंद्राचाही झाला. कायद्याने अड्डा मोडतो. ‘ठेवून देऊ’ हा विचार त्याने मोडत नाही.

कोणी म्हणेल, हा तर रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन विकार म्हणूनच आले आहे. मग रोग्यास दोष कसा द्यावा? तृष्णा ज्वरासारखी चढते, हे मान्य करावे आणि त्यावर उपचारही करावेत. परंतु मागणे आणि घेणे यांमध्ये एक क्षण असतो, आणि त्या क्षणाचे उत्तरदायित्व जीवाचेच.

एकांकातील लीळा नेमकी त्या क्षणापाशी थांबते. अलंकार मागितले गेले, नाकारले गेले, आणि ओरबाडले गेले नाहीत. पत्नीचे स्त्रीधन पतीने परस्पर गिळले तर तो फौजदारी विश्वासघात होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. त्या नकारानंतर एक वाट विश्वासघाताकडे जात होती. स्वामींनी वैराग्याची दाखविली. म्हणून कमळाइसांना कठोर म्हणणे मला पटत नाही. ज्या घरात नकार द्यायला कोणी उरत नाही, तेथे जुगारी पुढच्या दारी जातो. आणि तेथे तो मागेलच असे नाही.

पित्याच्या कृतीवर मात्र मन अडते. आमच्याकडे बाप एकर विकून मुलाचे देणे फेडतो, आणि देणे फिटताच मुलगा पुन्हा तिर्रटच्या डावावर बसतो. हरिपाळदेवांचेही देणे फिटले होते. ते द्यूतसभेकडे गेले नाहीत, रामटेकच्या वाटेला लागले.