चाऱ्याची अमानत



सूरह अबसमध्ये अल्लाह तआलाने मानवाला आपल्या अन्नाकडे पाहावयास सांगितले आहे. धान्य, द्राक्षे, जैतून, खजूर, घनदाट बागा, फळे आणि सर्वांत शेवटी चारा. ज्याची गणना निर्मात्याने आपल्या देणग्यांत केली, त्याला आपल्या दप्तरात मात्र ‘पडीक’ म्हणतात!

बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथे असेच एक माळरान आहे. शहराला पाणी मिळावे म्हणून १८९४ साली तेथे तलाव बांधला गेला. पावसाचे पाणी जमिनीत मुरवून तलावाला जपते ते हेच गवत. या भूमीवर चित्रनगरी उभारण्याचा घाट अनेक वर्षे घातला जात होता. नागरिक निवेदने देत राहिले, उच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने संरक्षणाचा प्रस्ताव फेटाळला, तरी ते हटले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच मंडळाने ५,६७८ एकर क्षेत्र संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली.

विरोध काही गावकऱ्यांचाही होता. राखीव झाल्यावर आमची गुरे कोठे चरतील, ही त्यांची भीती. शहरातल्या माणसाला ती क्षुल्लक वाटेल, हजरत उमर (रजि.) यांना वाटली नसती.

अज्ञानकाळात सरदाराच्या कुत्र्याचे भुंकणे जेथवर ऐकू येई, तेथवरचे कुरण त्याचे होई, असे सांगतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही मिरासदारी मोडली आणि नकीअचे कुरण सर्वांच्या हितासाठी ‘हिमा’, म्हणजे राखीव केले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी हिमावर हुनय्य यांना नेमले, तेव्हा दिलेली ताकीद सहीह बुखारीत आहे. थोडे उंट, थोड्या शेळ्या असणाऱ्यास आत येऊ द्यावे. इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या कळपांना मात्र नाही. हे दोघे कोण? जन्नतची शुभवार्ता लाभलेले सहाबी! परंतु त्यांची गुरे मेली तरी त्यांना शेती आणि खजुरीच्या बागा होत्या. गरिबाची गुरे मेली, तर तो मुलाबाळांसह खलीफांच्या दारी येणार. त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणे सोपे, असा त्यांचा हिशेब होता.

आपल्या कायद्यातही संवर्धन राखीव घोषित करण्यापूर्वी स्थानिकांशी सल्लामसलत आवश्यक आहे, आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. हुनय्य यांची जागा आज तीच आहे. ती रिकामी राहिली, तर कुरण वाचेल, धनगर वाचणार नाही.

आपल्या गावचे गायरान कोणाच्या नकाशात गेले आहे का, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले? पुढील ग्रामसभेला जाताना त्याचा सातबारा सोबत न्या. आणि ज्याच्याकडे दोनच शेळ्या आहेत, त्या शेजाऱ्यालाही.