गोठवलेले बीज आणि कायद्याचे रकाने

लिंगबदलाच्या उपचारांत मूल हवे की नको हा प्रश्न पहिल्या गोळीच्या आधीच सोडवावा लागतो. ट्रान्स स्त्रीने इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधे सुरू केली की शुक्राणू घटत जातात. औषधे थांबवल्यावर ते परततीलच याची हमी नसते. वृषणे काढल्यावर तर प्रश्नच मिटतो. ट्रान्स पुरुषाची पाळी टेस्टोस्टेरॉनने थांबते, बीजांडे मात्र अंडाशयात राहतात. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणारच नाही, हा गैरसमजच.

वीर्य गोठवणे तसे सोपे. दोन-पाच दिवसांचा संयम, एक डबी, एक बंद खोली. पुढे नमुना उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आणि दरवर्षी त्याचे भाडे. पण नको असलेल्या शरीराकडूनच हे काम करून घ्यायचे, म्हणून कित्येकींना ती खोलीच जड जाते. बीजांडांचे काम लांबलचक. दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, अधूनमधून योनीमार्गातून सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन बीजांडे काढणे. या काळात वाढणारे इस्ट्रोजेन लेट्रोझोल देऊन आटोक्यात ठेवतात. बाहेर बाकड्यावर मात्र दाढी फुटू पाहणारा ट्रान्स तरुण बायकांच्या रांगेत बसलेला असतो.

बीजांडे काढून शरीराबाहेर गर्भ रुजवण्याचे तंत्र मुंबईला नवे नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आज अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड वंध्यत्व केंद्रांच्या पाट्या दिसतात. अडते ते कागदावर. 25 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या सहायक प्रजनन कायद्यात सेवा घेणारे फक्त 'स्त्री' आणि 'पुरुष', वयही किमान 21. हार्मोन अठराव्या वर्षी स्वतःच्या सहीने सुरू करता येतात; मधली तीन वर्षे कोणाच्या खात्यात धरायची, हे कायदा सांगत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ट्रान्स व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार विषमलिंगी विवाह करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मान्य केले. पण पुरुषाशी लग्न केलेल्या ट्रान्स स्त्रीचे गोठवलेले शुक्राणू वापरायचे तर पत्नीच्या शुक्राणूंसाठी रकानाच नाही. ट्रान्स पुरुष पतीच्या बीजांडांचेही तेच. म्हणजे साठवायचे एका नावाने आणि वापरायची वेळ आली की त्या नावाला अर्थ उरत नाही. केरळात फेब्रुवारी 2023 मध्ये कोझिकोडला एका ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. तिथे बीज गोठवले नव्हते, हार्मोन थांबवले होते. जन्मदाखल्यावर आई-वडिलांऐवजी 'पालक' लिहायला उच्च न्यायालयाची परवानगी जून 2025 मध्ये मिळाली.

दुसरा रस्ता बीजाशिवायचा. मालाड-मालवणीत काम करणाऱ्या ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी आईविना राहिलेल्या मुलीला वाढवले. 2017 च्या विक्सच्या जाहिरातीने ती गोष्ट घरोघरी गेली. कायदेशीर दत्तक ही वेगळी पायरी. एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, पण एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. म्हणून कागदावर अजून 'पुरुष' असलेल्या ट्रान्स स्त्रीला मुलगी हवी असेल तर आधी ओळखपत्राचे काम करावे लागते. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकारी देतात. मुंबई उपनगरांसाठी त्यांचे कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.