औषधाचें देणें आणि सावलीचें दान

रुग्णालयाच्या बागेसाठीं चित्रांचें प्रदर्शन भरवावें, चित्रें विकावीं आणि आलेल्या पैशांतून झाडें लावून तीं जगवावीं, ही कल्पना विलायतेंत कोणास नवलाची वाटणार नाहीं. आपल्याकडे ती कोणी मांडली, तर ऐकणारा बहुधा हसेल किंवा रागावेल. नांदेडजवळ विष्णुपुरीस तर तो रागावेलच. तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयांत २०२३ सालीं, सप्टेंबर सरून ऑक्टोबर लागतां लागतां, चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालकें होतीं. औषधांचा तुटवडा होता कीं नव्हता यावर पुष्कळ वाद झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. अशा ठिकाणीं फुलझाडें आणि तैलचित्रें यांची गोष्ट काढणें निर्दयपणाचें नव्हे काय?

हा राग आम्ही खोटा मानीत नाहीं. पण त्याच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे. औषध आणि बाग हे दोन याचक एकाच थैलीच्या तोंडाशीं उभे आहेत, म्हणून एकास दिलें कीं दुसऱ्याचें गेलें, असें तें गृहीत होय. आमच्या मतें हे दोघे एका पंक्तीचे नाहींतच. औषध हें देणें आहे. बाग हें दान आहे.

किनवट-माहूरच्या डोंगरांतून बाळंतपणासाठीं आलेल्या बाईस जी सुई, जी बाटली, जी परिचारिका मिळावयाची, ती कोणाच्या दयेवर अवलंबून असतां कामा नये. राज्य कर घेतें, त्या कराचें तें ऋण आहे. अशा ऋणासाठीं प्रदर्शन भरविणें म्हणजे ऋणको घरांत स्वस्थ बसला असतां धनकोच्या वतीनें गांवभर झोळी फिरविणें होय. चित्रें विकून सलाईनच्या बाटल्या आणल्या, तर विकत घेणाऱ्यास समाधान लाभेल. देणेकरी मात्र अधिकच निर्धास्त होईल.

येथें कोणी विचारील, ‘तुमचा न्याय होईपर्यंत आज रात्रीं ज्या मुलास औषध नाहीं, त्यानें काय करावें?’ प्रश्न रास्त आहे. त्या रात्रीं औषध द्यावें, पदरमोड करून द्यावें. पण तें दान म्हणून मिरवूं नये. दुसऱ्याचें कर्ज आपण तात्पुरतें भागविलें, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीं मूळ देणेकऱ्याच्या दारीं नेला पाहिजे. हें दुसरें काम पहिल्याहून कंटाळवाणें असतें. त्यांत कोणी हार घालीत नाहीं, म्हणून सुशिक्षित मंडळी त्याच्या वाटेस फारशी जात नाहींत.

इंग्लंडांत १९४८ पासून उपचाराचा भार राष्ट्रीय आरोग्यसेवेनें उचलला आहे. तेथें सॉल्सबरीच्या रुग्णालयांत, पाठीच्या कण्यास इजा होऊन महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्यांसाठीं, २०१२ सालीं एक उद्यान उघडलें. कल्पना होरॅशिओ चॅपल या सतरा वर्षांच्या मुलाची. तो तेथें स्वयंसेवक म्हणून जात असे. २०११ मध्यें उत्तर ध्रुवाकडील प्रवासांत अस्वलाच्या हल्ल्यांत तो गेला, आणि त्याच्या नांवानें लोकांनीं दिलेल्या पैशांतून बाग झाली. पुढें तशाच बागा इतर केंद्रांतही झाल्या. उपचार तिजोरीचे, झाडें लोकांचीं. दोन वह्या वेगळ्या. आम्हांस ही वांटणी शहाणपणाची वाटते.

बागेनें रोग बरा होतो काय, असें विचारणारास रॉजर उल्रिच यांचा १९८४ चा निबंध दाखवितां येईल. अमेरिकेंत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनीं ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षां लवकर घरीं गेले, आणि त्यांस वेदनाशामक तीव्र औषधें कमी लागलीं. तेवीस जोड्या म्हणजे कांहीं मोठी संख्या नव्हे, आणि आम्ही या पुराव्यावर फार भार टाकणार नाहीं. झाडाची बाजू राखण्यासाठीं त्यानें औषधाचें काम केलेंच पाहिजे, असें कोठें आहे? अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांची व जनावरांची चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवरचीं झाडें आणि विहिरी हीं सारीं एका ठिकाणीं सांगितलीं आहेत. चरकानें रुग्णशाळेच्या सेवकांत गाणारे आणि कथा सांगणारेही धरले आहेत.

आतां चित्रांकडे वळूं. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें मुंबईंत १८४५ सालीं रुग्णालय उघडलें, आणि त्यांच्याच देणगीनें १८५७ सालीं कलाशाळा निघाली. कला व शुश्रूषा एका दात्याच्या मनांत सुखानें नांदूं शकतात, एवढें यावरून दिसतें. परंतु धर्मार्थ प्रदर्शनांत एक अन्याय नेहमीं घडतो. विकत घेणारा आपल्या शिलकींतून देतो आणि वर चित्र घरीं नेतो. चित्रकार मात्र आपल्या पोटांतून देतो. लंडनच्या अनाथ बालकांच्या गृहास होगार्थ आदि चित्रकारांनीं आपलीं चित्रें फुकट दिलीं हें खरें. पण त्या काळीं तेथें चित्रें मांडण्यास सार्वजनिक जागा नव्हती, ती त्यांस मिळाली. मराठवाड्यांतील चित्रकलेच्या शिक्षकास आपण काय देतों? निदान रंगांचा व कापडाचा खर्च आधीं त्याच्या हातावर ठेवावा, मग उरलेलें बागेस जावें.

आणि ती बाग कोणाची? खाटेवरचा रोगी तेथवर क्वचितच येईल. सरकारी रुग्णालयाच्या आवारांत दिवसचे दिवस काढतात ते त्याचे नातेवाईक. आंत एकास जागा, बाहेर चौघे; भाकरीचें फडकें उलगडावयास, तान्हें मूल निजवावयास, आणि आंतून वाईट बातमी आली तर भिंतीकडे तोंड न करतां रडावयास त्यांस जागा हवी असते. मराठवाड्याच्या मे महिन्यांत ती जागा म्हणजे कडुनिंबाखालची सावली. ती त्यांना कोणत्याही कायद्यानें देणें लागत नाहीं, म्हणूनच ती आपण द्यावी. झाडांना दात्यांच्या नांवाच्या पाट्या मात्र नकोत. रडणाऱ्यानें कोणाचे आभार मानीत रडावें, ही अपेक्षा अमानुष आहे.

गुलाबाचे ताटवे नकोत, हिरवळही नको. २०१६ मध्यें लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या मुलखांत हिरवळ शोभत नाहीं. निंब, करंज, चिंच पुरेत. त्याच शंकररावांच्या नांवाचा शंकरसागर जलाशय विष्णुपुरीसच आहे. पण जलाशय शेजारीं असणें आणि रोपाच्या मुळाशीं पाणी पोंचणें यांत आपल्याकडे किती अंतर पडतें, हें वाचकांस सांगावयास नको. यासाठीं प्रदर्शनाच्या उत्पन्नाचा मोठा भाग रोपांवर न खर्चितां पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठीं आणि माळ्याच्या पगारासाठीं वेगळा काढून ठेवावा.