नसलेल्या वाळूची मजुरी

ज्याचा उपयोग सांगता येत नाही असा विचार करण्यासाठी एखाद्या तरुणाला सरकारने दरमहा पैसे द्यावेत काय? आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न हसण्यावारी जातो. पण तो तसा नेण्याजोगा नाही. संशोधन करणाऱ्याची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये झाली. रापण ओढणाऱ्याच्या साबणा-बिस्किटांवरील करातूनही तो पैसा जमतो. ‘पण तो करतां तरी काय?’ असे त्याने विचारले, तर तो त्याचा हक्कच आहे.

उत्तर ऐकून तो आणखी हसेल. एक कण कसा वागतो हे ठाऊक असते. असंख्य कणांची गर्दी कशी वागेल, याचे हे गणित. त्यातलाच एक वाळूचा ढीग १९८७ साली पेर बाक, चाओ टांग आणि कर्ट वीसेनफेल्ड यांनी कागदावर मांडला. चौकटींच्या पटावर एकेक कण टाकीत जायचे. एका घरात चार जमले की ते कोसळते आणि चारही शेजाऱ्यांना एकेक कण देते. काठावरचे कण पटाबाहेर पडतात. एका कणाने कधी काहीच होत नाही, कधी सारा पट हादरतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली दाखविले की, घरे कोणत्याही क्रमाने कोसळू द्या, शेवटचे चित्र एकच! २०२२ साली बोल्ट्झमन पदक मिळविणारे ते पहिले भारतीय. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकला संपले, तरी त्या सिद्धान्तापाशी मी थबकतो. चिवल्याच्या किनाऱ्यावरची ओली वाळू मात्र असे काही मानीत नाही, हेही सांगितले पाहिजे.

‘उद्या उपयोग होईल’ असे विद्वान म्हणतात आणि १९४७ सालच्या ट्रान्झिस्टरचा दाखला देतात. दाखला खरा, पण युक्तिवाद मला सावकारी वाटतो. बहुतेक प्रबंधांतून ट्रान्झिस्टर निघत नाही. मग त्या मुलांनी काय चोरी केली?

शिष्यवृत्ती बंद केल्याने असला विचार बंद पडणार नाही; ज्यांच्या घरी बसून खायला आहे, त्यांच्यापुरता तो उरेल. रापणकाराची मुलगी तेवढी बाहेर राहील, आणि तिच्या आईचा कर वाचेल तो किती? एक अट मात्र मी घालीन. पैसे घेणाऱ्याने कधीतरी रापण ओढून झाल्यावर येथे यावे आणि आपण काय करतो ते मराठीत सांगावे. कळले नाही तर लोक उठून जातील. तेव्हा दुसऱ्या शब्दांत सांगावे. दाखवायला वाळू आहेच.